आज साळूला बरं नाही

गुलमंडी, छत्रपती संभाजीनगर
३ फेब्रुवारी २०२५

तनूबाई, डोकं फोडून घेतलेल्या भागीदारीणबाई,

हे पत्र आहे बरं का! कागदावरचं, पेनानं लिहिलेलं. शेवटचं पत्र मी सातवीत मामाला लिहिलं होतं, तेही मार्कांसाठी. पण करणार काय? स्कूटरसमोर कुत्रं आडवं आलं, तू उताणी पडलीस, डॉक्टरांनी मोबाइल बंद सांगितला आणि तुझ्या आईनं, आशाकाकूंनी, तो गव्हाच्या कोठीत घालून वर पाट ठेवला. सोमनाथदादा हे सगळं इतक्या आनंदानं सांगत होता की तुझा सख्खा भाऊ आहे यावर विश्वास बसेना. तो रोज बिडकीनहून इथं कंपनीत येतो-जातो, तर आजपासून तोच आपला पोस्टमन. चहाच्या बोलीवर तयार झालाय.

आता आपल्या जाहिरात कंपनीची, ‘हाळी’ची खबर. कोचिंग क्लासवाले गेले. त्यांच्या भाच्याला रील बनवता येतात म्हणे. उरले दाताचे डॉक्टर. त्यांच्या फलकावरचा दात मी आज तिसऱ्यांदा हसरा केला. दोन वर्षांपूर्वी या खोलीत आपण नारळ फोडला तेव्हा मराठवाड्यातला प्रत्येक उद्योग आपल्या जिन्यावर रांग लावणार होता. सध्या जिन्यावर खालच्या कापड दुकानाचे गठ्ठे आहेत.

पण मी खचले नाही! मी एक मोठा मासा हेरलाय. चितेगावची ‘साळूबाई घरघंटी’. दळणाच्या घरगुती चक्क्या बनवतात, अख्ख्या मराठवाड्यात विकतात आणि जाहिरात इतकी वाईट की बघून मला भरून येतं. कारभार आता मालकाचा मुलगा ऋतुराज बघतो. त्याला मी मेल टाकतेय, फोन करतेय, ऑफिसात जाऊन बसतेय. तो भेटत नाही, पण तिथल्या रिसेप्शनवरच्या मुलीला माझ्या डब्यातली भाजी आवडायला लागलीय. हीसुद्धा प्रगतीच.

तू फक्त पडून राहा. काहीही करू नकोस.

तुझी,
अश्लेषा

•

बिडकीन
५ फेब्रुवारी

अशे,

तू “काहीही करू नकोस” लिहिलंस, पण ते मला उशिरा मिळालं. मी आधीच करून बसले होते.

नीट सांगते. इथं आमच्या भिंतीला भिंत लावून द्वारकाकाकू राहतात. कुरडया-पापडाचे दिवस जवळ आले म्हणून त्यांनी चक्की घेतलीय. अन् ती चक्की माझ्या उशामागं चालती! चालू झाली की आमच्या भिंतीवरचा आजोबांचा फोटो नाचतो, फडताळातल्या वाट्या टाळ्या वाजवतात, अन् माझ्या डोक्यात कुणीतरी ट्रॅक्टर घातल्यासारखं होतं. आईनं जाऊन सांगितलं, तर काकू म्हणाल्या, “आवं, नवी हाय, जरासा आवाज करंल. सवय लागंल तिला बी अन् पोरीला बी.”

परवा सकाळी मला लई राग आला. मी दादाकडून पोस्टकार्ड आणवलं, काकूंना विचारून चक्कीवरचा पत्ता घेतला अन् कंपनीला लिहिलं. आठवतंय तसं देते:

“तुमची चक्की गहू दळते का शेजाऱ्यांचं डोकं, ते एकदा ठरवा. मी डोक्याला मार लागून पडलेली मुलगी आहे. माझं डोकं आधीच भरडलेलं आहे, ते अजून बारीक करून नको आहे. तुमच्यात कुणी कान असलेला माणूस असेल तर त्यानं इथं येऊन माझ्या खाटेवर पाच मिनिटं पडून दाखवावं.”

पोस्टकार्ड पेटीत पडलं. संध्याकाळी तुझं पत्र आलं. मी “चितेगावची साळूबाई घरघंटी” वाचलं अन् खाटेवर ताडकन उठून बसले. काकूंना हाक मारली, “काकू, तुमच्या चक्कीचं नाव काय लिहिलंय, परत सांगा!”

काकू म्हणाल्या, “साळूबाई.”

अशे, तुझा मोठा मासा माझ्या उशामागं आहे, अन् मी त्याला दगड मारलाय.

तुझी भरडलेली,
तनुजा

•

गुलमंडी
६ फेब्रुवारी

तनू!!

खाली नाव लिहिलंस का? पत्ता लिहिलास का? ‘हाळी’चं नाव तर नाही ना घातलंस? तुझी रागात खाली सगळी पदवी लिहायची सवय मला माहीत आहे!

आज मी त्यांच्या ऑफिसात होते. कुणीतरी आत जोरात हसत होतं. आता मला वाटतंय ते तुझं पोस्टकार्डच होतं. मी डबासुद्धा न खाता पळून आले.

लगेच कळव. दादा खाली थांबलाय.

अ.

•

बिडकीन
११ फेब्रुवारी

अशे,

बस आधी. बसलीस? नाव, पत्ता, ‘हाळी’, सगळं लिहिलं होतं. अन् कान असलेला माणूस आला!

काल दुपारी दारात जीप थांबली. पांढरा पायजमा, डोक्यावर टोपी, धिप्पाड म्हातारा. आईला वाटलं जमिनीचा एजंट आहे. औरिक औद्योगिक वसाहतीसाठी जमिनी गेल्यापासून इथं जीपमधून कुणी उतरलं की आई आधी “विकायची नाय” म्हणून मोकळी होते. म्हातारा म्हणाला, “माय, म्या बी विकूनच बसलोय. पोस्टकार्डवाली पोरगी कुठंय?”

ते स्वतः नानासाहेब. मालक! ऋतुराजचे वडील. जमिनीच्या पैशातून कारखाना काढला तो यांनीच. मी खाटेवर, डोक्याला पट्टी, अंगावर आईची गोधडी. मला गोधडीत शिरून कोठीत जाऊन मोबाइलशेजारी बसावंसं वाटलं.

पण ते म्हणाले, “उठ पोरी. तू म्हणालीस ना, पडून बघा?” अन् खरंच आडवे झाले! टोपी पोटावर ठेवली, डोळे मिटले, अन् ओरडले, “लावा वं द्वारकाबाई!” काकूंनी बटण दाबलं. फोटो नाचला, वाट्या वाजल्या. थोड्या वेळानं ते उठले ते सरळ काकूंच्या घरात.

तिथं काय निघालं माहितीये? चक्कीखाली लावायचे चार काळे रबर असतात. काकूंना वाटलं ती खोक्यातली भरताड आहे. त्यांनी दोन फेकले अन् दोन फ्रिजखाली घातले. माहितीपुस्तक सगळं इंग्रजीत. काकूंनी ते जपून देव्हाऱ्यात ठेवलंय.

नानांनी जीपमधून नवे रबर आणून लावले, चक्की भिंतीपासून सरकवली. आवाज म्हणजे नुसती गुणगुण! मला रडूच आलं.

मग चहा पिताना म्हणाले, “लोक तक्रार करतात ना, तेव्हा मला बरं वाटतं. पहिली चक्की म्या माझ्या आईच्या घरात बसवली होती. साळूबाई तिचंच नाव. ती रोज मला शिव्या घालायची, हे नीट कर, ते नीट कर. तुझं कार्ड वाचलं, वाटलं म्हातारीनंच धाडलं.” मग विचारलं, “तू काय करतीस?”

म्हटलं, “लोकांचं म्हणणं लोकांना कळेल असं करते.”

“म्हंजी वकील?”

“जाहिरात, नाना.”

“हां. ते आमचं पोरगं बघतं,” म्हणाले अन् जीपमध्ये बसले.

पण मी आता स्वस्थ बसणार का? सोबत एक कागद जोडलाय. काकू शेजारणीला सांगतील तसं लिहिलंय: “बाई, थांब. खोकं फेकू नको. त्यात चार काळे रबर आहेत, ते तिचे पाय आहेत. आधी पाय लाव, मग उभी कर…” असं शेवटपर्यंत. तू चित्रं काढ. कुणी मागितलेलं नाही, माहितीये. तरी काढ.

तनू

•

गुलमंडी
१४ फेब्रुवारी

तनू,

मी वाचून इतकी हसले की खालचे कापड दुकानवाले चाचा वर आले, “क्या हुआ मॅडम, पार्टी मिली क्या?” म्हटलं, “चाचा, पार्टी लेट गयी!” ते काळजीत पडून परत गेले.

चित्रं काढलीत. द्वारकाकाकूंना मी पाहिलेलं नाही, पण माझ्या चित्रातली बाई त्याच आहेत. कंबरेवर हात, हातात रबर. कागद इतका गोड झालाय की मी त्याला भिंतीवर लावून लांबून बघतेय.

दुसरी बातमी गोड नाही. ऋतुराज भेटला. मी लॅपटॉप उघडला, सुंदर सुंदर स्लाइड दाखवायला लागले. ‘ब्रँडची भावनिक भूमिका’ असली एक स्लाइड होती. ती मीच केलेली आणि बोलताना मलाच कळेना. तो सभ्य आहे गं. त्यानं जांभई दाबली. मग म्हणाला, “मॅडम, खरं सांगू? पुण्याच्या एजन्सीशी बोलणं झालंय. नाव पण बदलतोय. साळूबाई फार जुनाट वाटतं. नवीन नाव ग्राइंडेला.”

ग्राइंडेला, तनू!

मी लॅपटॉप मिटला आणि थँक्यू म्हणून बाहेर आले. रिसेप्शनवरच्या मुलीनं आज तिच्या डब्यातली भाजी मला दिली.

जरा कामासाठी पुढच्या आठवड्यात चार दिवस बाहेर जातेय. उत्तराला उशीर झाला तर रागावू नकोस.

अ.

•

बिडकीन
२० फेब्रुवारी

अशे,

ग्राइंडेला! आईला म्हटलं तर ती म्हणाली, “कशावरचं औषध आहे?”

सोड ते. इथं काय चाललंय ऐक. तुझ्या चित्रांचा कागद दादानं झेरॉक्स करून आणला. काकूंना स्वतःचं चित्र बघून इतका चेव आला की त्यांनी गठ्ठाच काखेत मारला. बिडकीनमध्ये ज्या ज्या घरी साळूबाई आहे, त्या त्या घरी जाऊन भिंतीला चिकटवला. ढोरकीनला त्यांची बहीण, तिथंही धाडला. बहिणीनं पुढं पैठणला. आता कुठवर गेला देव जाणे. काकू सगळ्यांना सांगतात, “ह्यातली बाई म्या हाय.”

अन् नाना परत आले! म्हणाले, या भागातून येणाऱ्या तक्रारी एकदम घटल्या, हे काय गौडबंगाल? मी कागद दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला. मग टोपी काढली, परत घातली, अन् म्हणाले, “मी पोराला सांगतो. पुणं-बिणं काही नाय. काम तुमचं.”

मिळालं अशे! मिळालं! मी उडीच मारणार होते, पण आईनं डोकं दाबून धरलं.

कधी येतेस? तू बाहेर कुठं गेलीस ते लिहिलंच नाहीस.

तनू

•

बिडकीन
२४ फेब्रुवारी

अश्लेषा,

इतकी मोठी बातमी कळवली अन् तुझं उत्तर नाही. काल दादानं सांगितलं, त्यानं तुला बसस्टँडवर पाहिलं. पुण्याच्या गाडीत, मोठी बॅग घेऊन. त्यानं हाक मारली तर तू मान वळवलीस.

जायचं होतं तर सांगून जायचंस. मी काय अडवलं असतं? मी खाटेवर पडलेली, मला तर दारापर्यंतही चालवत नाही.

खोलीची किल्ली खाली चाचांकडं ठेव.

तनुजा

•

गुलमंडी
२६ फेब्रुवारी

तनू,

किल्ली माझ्याकडेच आहे आणि मी खोलीतच आहे. शांतपणे वाच.

हो, मी पुण्याला गेले होते. मुलाखतीला. बाबा वर्षभर म्हणताहेत, बास झालं आता, नोकरी धर. तू पडलीस, क्लासवाले गेले, ऋतुराज नाही म्हणाला, आणि मी घाबरले. तुला सांगायची हिंमत झाली नाही म्हणून दादाकडे बघून मान वळवली. त्या मानेची मला इतकी लाज वाटतेय की ती अजून अवघडलेलीच आहे.

आता मजा ऐक. ती एजन्सी कुठली, तर तीच, ग्राइंडेलावाली! भिंतीवर त्याचीच चित्रं. एक लांब बोटांची गोरी बाई चक्कीला टेकून हसतेय. सगळी माणसं भली. मला निवडलं आणि म्हणाले, “तुम्ही तिकडच्याच ना? मग हेच काम बघा.” म्हणजे मी पुण्यात बसून आपल्या साळूबाईचं नाव पुसायचं.

विचार करून सांगते म्हणाले आणि परतीची गाडी पकडली. बसमध्ये बॅगेतून तुझा कागद काढून बघत बसले होते. शेजारी नेवाशाची एक बाई. ती वाकून वाकून वाचायला लागली, मग हसायलाच लागली. म्हणाली, “हा मला देता का? माझ्या जावंच्या चक्कीला पण पाय नाहीत!” मी दिला. तिनं घडी घालून पदराला बांधला. तनू, माझी एकही स्लाइड आजवर कुणी पदराला बांधलेली नाही. घोडेगाव यायच्या आत मी पुण्याला नाही कळवून टाकलं.

आता भांडायचं ते भांडण. नानांना म्हणावं, ऋतुराजला काही सांगू नका. वडिलांनी दटावून दिलेलं काम तो घेईल, पण आपल्याकडे कायम वडिलांची माणसं म्हणूनच बघेल. मला त्याच्या तोंडून “हो” हवंय.

मी त्याला एकच मागितलंय: तुमची दुरुस्तीची गाडी गावोगाव फिरते, तिच्यात मला आठवडाभर बसू द्या. काही विकणार नाही, एकही स्लाइड दाखवणार नाही. त्यावर तो पटकन हो म्हणाला. बहुधा स्लाइडच्या भीतीनंच.

रागव, पण लिही.

तुझीच,
अशी

•

बिडकीन
२८ फेब्रुवारी

अशे,

मी लई रागावले होते. तीन वेळा पत्र फाडलं. मग आई म्हणाली, “पुण्याला गेली तशी माघारी बी आली ना? जाणारी माणसं लई बघितली म्या, येणारी कुठं असतात?” मग नाही रागवता आलं.

पण एक सांगते. आमच्यात ओळखीनं काम होतं त्याला आम्ही खोटं मानत नाय. ओळख काय फुकट मिळते व्हय? नाना माझ्या खाटेवर आडवे झाले, ती ओळख. तरी तुझं म्हणणं पटलं. पोराला वाटायला नको की बापानं पोरी मागं लावल्या.

नानांनी अजून पोराला सांगितलं नव्हतं. सांगू नका म्हटलं तर फुगून बसले. “माझीच कंपनी, माझ्याच आईचं नाव, अन् म्याच गप्प बसू?” म्हटलं, थोडे दिवस. म्हणाले, “म्या जन्मात गप्प बसलेलो नाय.” शेवटी काकूंनी गरम कुरडई तळून दिली, तेव्हा तोंड भरलं अन् कबूल झाले.

जा गाडीतून. अन् सगळं लिही, एक शब्द सोडू नको.

तनू

•

गुलमंडी
८ मार्च

तनू, तनू, तनू,

माझ्या केसांत पीठ आहे, कानात पीठ आहे, आणि मी इतकी खूश आहे की पेन सरळ धरवत नाही.

गाडी चालवतो तो कडूबा. तोच मिस्त्री, तोच ड्रायव्हर. त्याला प्रत्येक गावात एक तरी मावशी आहे, आणि प्रत्येक मावशीकडे चहा. पाचोडला पहिल्याच घरी दार वाजवलं, तर आतून बाई म्हणाली, “या, आज साळूला बरं नाही.”

मला वाटलं घरात कुणी आजारी आहे. मी चपला काढून हळूच आत गेले. साळू म्हणजे चक्की! पुढच्या घरी, “आमची साळू रुसलीय.” त्याच्या पुढच्या घरी सासू सुनेला ओरडतेय, “साळूला झाकून ठेव गं, धूळ बसंल!” कुणी शिकवलं नाही यांना. कंपनीला पत्ता नाही. वर डब्यावर नाव आहे, बायकांनी ते नाव उचललं आणि तिला घरातलीच करून टाकलं.

बुधवारी सकाळी गाडीत बसायला गेले तर पुढच्या सीटवर ऋतुराज! “आमच्या गाडीतून फुकट कोण फिरतं, बघायला आलोय,” म्हणाला. पुढची जागा त्यानं मला दिली आणि स्वतः मागे अवजारांत बसला.

ढोरकीनला एका आजींनी त्याला धरलंच. “तू कोण?”

“कंपनीतून आलोय.”

“साळूबाईचा कोण?”

“नातू.”

मग काय! आजींनी घरात आवाज दिला, “अगं, साळूचा नातू आलाय!” गल्लीतल्या बायका गोळा. एकीनं त्याचा कान धरून चक्कीच्या जाळीची तक्रार केली. एकीनं गूळ-शेंगदाणे दिले. एक म्हणाली, “तुझी आजी लई गुणाची, एकदा पण धोका दिला नाय.” तो तिथं उभा, हातात शेंगदाणे, तोंड लालेलाल. बोर्डिंगात वाढलेला मुलगा, आजीला धड आठवत नाही. आणि इथं प्रत्येक घरात त्याची आजी!

तेवढ्यात त्याला भिंतीवर आपला कागद दिसला. “हा आमच्या कंपनीचा नाही. कुणी केला?”

मी म्हटलं, “आम्ही.”

“कुणी सांगितलं होतं?”

“कुणीच नाही.”

“मग का केला?”

“तनूचं डोकं दुखत होतं.”

आणि मग मी राहूच शकले नाही. पोस्टकार्ड, खाट, टोपी, कुरडई, सगळं सांगितलं. तो गाडीच्या पायरीवर बसून हसला, इतका हसला की कडूबानं पाणी आणून दिलं. म्हणाला, “नाना? गप्प बसलेत? आठवडाभर?” मग डोळे पुसून म्हणाला, “त्यांना सांगू नका मला कळलंय ते. मला बघायचंय ते किती वेळ दम काढतात.”

म्हणून तनू, तोंडाला कुलूप!

अशी

•

चितेगाव
१६ मार्च

चि. तनुजा व चि. अश्लेषा यांस नानासाहेबाचा आशीर्वाद.

पत्र लिहायची सवय नाही, चुकभूल पोटात घालावी. तुम्ही दोघींनी शाबासकी द्यायची ती माझी मलाच द्यावी लागते, कारण नाटक कसं वठलं ते बघायला घरात कोणी नव्हतं.

काल जेवताना ऋतुराज म्हणाला, “नाना, नाव बदलायचं नाही. साळूबाईच ठेवू.” मी घास चावत राहिलो. म्हटलं, “तुझी मर्जी.” तो म्हणाला, “पुण्याच्या लोकांना कळवलं, त्यांचं झालेलं काम चुकतं केलं. दोन मुली आहेत इथल्या, त्यांना काम द्यावं म्हणतो.” मी म्हटलं, “कोण बुवा?” तो म्हणाला, “एक गुलमंडीला असते, एक बिडकीनला.” मी म्हटलं, “बिडकीनला? बिडकीनला माझं कधी जाणं होत नाही.”

पोरींनो, असं सफाईनं म्हणालो की माझं मलाच खरं वाटलं. त्याला काडीचा संशय नाही. उलट त्याला ठसका लागला, पाणी प्यायला उठून गेला तो बराच वेळ आलाच नाही. पोरगं भोळं आहे. जरा सांभाळून घ्या.

जाहिरातीत काय लिहायचं तेही त्यानंच सांगितलं. “आज साळूला बरं नाही” अशी सगळीकडे पाटी लावायची अन् खाली फोन नंबर, की त्या दिवशीच्या त्या दिवशी गाडी दारात येईल. मी म्हटलं, आपल्याच मालाला बरं नाही असं कोण लिहितं? तो म्हणाला, “घरातल्या माणसालाच बरं नसतं, नाना. मशीन बिघडते.”

हे ऐकून मी हात धुवायच्या निमित्तानं उठलो. म्हातारी असती तर तिनं विचारलं असतं, एवढं शहाणपण यायला इतकी वर्षं का लागली?

शुक्रवारी कागदपत्र करायला यावे. तनुजास जीप पाठवतो. द्वारकाबाईंस आणावे, कुरडई विसरू नये.

आपला,
नानासाहेब

•

बिडकीन
२४ मार्च

अशे,

डॉक्टरांनी आज मोकळं केलं! आईनं पाट बाजूला केला, कोठीत खांद्यापर्यंत हात घातला अन् मोबाइल काढला. त्याच्या कव्हरमधले गहू आधी वेचून काढावे लागले. चालू केला, निरोपांचा नुसता पाऊस. मी तो परत बंद केला. आधी तुला हे कागदावरच सांगायचं होतं.

शुक्रवारी कारखान्यात सह्या करताना तू म्हणालीस, “सोमवारपासून गुलमंडी!” मी हो म्हणाले, पण ते मनापासून नव्हतं. त्याचं कारण आज कळलं.

काकूंनी गावभर सांगितलंय की साळूबाईचं काम मीच मिळवून दिलं. सकाळपासून माझ्या खोलीत माणसं आहेत. बांगड्यांच्या दुकानाची रूपा आली. तिला दुकानाचं नाव बदलायचंय, पण नवऱ्याला कळू न देता. मग दूध डेअरीवाले. मग एक काका आले, त्यांना काहीच विकायचं नाय, नुसता फलक पाहिजे, शेजाऱ्यानं लावलाय म्हणून. काकू त्यांना ओळीनं बसवतात, चहा देतात, अन् मला विचारल्याशिवाय सगळ्यांना हो म्हणतात.

मी खाटेवर बसून सगळ्यांचं ऐकलं. गुलमंडीला आपण दोन वर्षं माणसं वर यायची वाट बघितली. इथं दार उघडलं की ती आत आहेत. अन् मला त्यांचं बोलणं कळतं अशे, ती काय बोलतात अन् काय बोलत नाहीत ते पण.

म्हणून मी गुलमंडीला माघारी येत नाय. रागवू नको. ‘हाळी’ इथं आणूया म्हणते. पुढची खोली रिकामी आहे, उजेड चांगला आहे, दादा रंग देतो म्हणालाय. तुला शहर सोडून बिडकीनला ये म्हणायचं म्हणजे मोठं मागणं आहे, हे मला कळतं. तू पुण्याला नाही म्हणालीस ती काय इथं यायला नव्हे. नको म्हणालीस तरी मी तुझीच. रोज दादाच्या हातून कामाचे कागद पाठवीन अन् आपण ‘हाळी’ अशीच चालवू.

पण ये. मी एकटीनं किती जणांना हो म्हणू?

तनू

•

गुलमंडी
२५ मार्च

तनू,

तुझं पत्र वाचलं आणि पहिली पंधरा मिनिटं मी तुझ्यावर चिडले. मग खोली बघितली. दोन टेबलं, एक हसरा दात, आणि खिडकीतून समोरच्या दुकानाची पाठ. मग आठवलं की या महिन्यात मी जे काही चांगलं केलं ते सगळं गाडीत बसून, नाही तर कुणाच्या तरी ओट्यावर.

बाबांना सांगितलं. चाळीस वर्षं कचेरीत काढलेला माणूस. त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, “लोक बिडकीनहून औरंगाबादला येतात, इथून पुण्याला जातात. तू उलटी चाललीस.” मी म्हटलं, “हो बाबा.” चष्मा पुसून परत घातला. मग विचारलं, “तिथलं पाणी कसं आहे?” मी गोड म्हणून सांगितलं. खरं खोटं तू बघ. ते उठले, आणि माझी तांब्याची बाटली घासायला घेतली, मला तिथं प्यायला लागेल म्हणून. मी आत जाऊन रडले आणि बाहेर येऊन दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

दाताच्या डॉक्टरांनाही सांगितलं. ते म्हणाले, बिडकीनला त्यांना दर बुधवारी दवाखाना सुरू करायचाच होता, तर आता फलकाचं तुम्हीच बघा. म्हणजे आपण तिथं पोचायच्या आधीच तिथलं एक काम!

उद्या सकाळी कडूबा गाडी घेऊन येतोय. सामान फार नाही. काकूंना म्हणावं, मी येईपर्यंत कुणालाही हो म्हणू नका. नाहीतर असू दे, म्हणू द्या. रूपाच्या नवऱ्याचं काय करायचं ते वाटेत विचार करते.

सोमनाथदादा खाली हॉर्न वाजवतोय, आणि शाईसुद्धा संपत आलीय. आता लिहायचं कशाला?

आलेच!

अशी